शून्य प्रवासी

नोंदीत एवढंच होतं:
०५:१२:४० अज्ञात चूक.
मागे नाव नाही, पुढे गाव नाही.

कास्त्रोत, खांबांवरच्या घरात,
यास्ना कार्कामो बसली होती गार झालेला माते ओढत.
फळ्यांच्या फटीतून खाली चिखल दिसत होता,
चिखलात कलंडलेली एक होडी,
आणि समोर एका रात्रीच्या चाळीस हजार ओळी:
कोण कुठल्या बेटावर निघालं,
बटाट्याची किती पोती,
कुणाची मेंढी अर्ध्या भाड्यात.
सगळं ठाकठीक.
आणि मध्येच ही एक ओळ,
न दुखणाऱ्या दातासारखी काळी.

चार रात्री यायची.
दहा रात्री पत्ता नाही.
पुन्हा चार रात्री.

आधी तिने संशय घेतला माणसांवर,
मग सान्तियागोतल्या सर्व्हरवर,
मग, नेहमीप्रमाणे, स्वतःवर.
ओळ दोनशे चौदाला तिला सापडला एक हात,
पडेल ते झेलणारा,
झेललेल्याचं तोंड न बघता
त्यावर 'काहीतरी चुकलं' अशी चिठ्ठी डकवून
मुकाट पुढे ढकलणारा.
शेजारी एलियासर लिहून गेला होता
(तो आता पुन्ता आरेनासला असतो, फोन उचलत नाही):
इथपर्यंत कधीच कुणी पोचणार नाही.

पोचत होतं ना पण कुणीतरी.

तिने तो हात मोकळा केला.
प्रत्येक विनंतीच्या पायाला एक क्रमांक बांधला
आणि दहा रात्री वाट पाहिली.
अकराव्या रात्री क्रमांक परतला,
ओला असल्यासारखा:
धक्का सात. तिकिटाचं यंत्र.
प्रौढ शून्य. मुलं शून्य. मेंढ्या शून्य.
एकूण भाडं भागिले प्रवासी.

शून्याने भागायला सांगितलं की
यंत्रसुद्धा वेड लागल्यासारखं करतं,
ते समजलं.
पण मध्यरात्रीनंतर, बंद धक्क्यावर,
कुणालाच कुठेही न नेणारं तिकीट
मागतंय कोण?

सकाळी तिने दोन रेमिहिओ मियालोंकोंना फोन लावला.
धक्का सातची किल्ली त्यांच्याकडे असते.
पोरंबिरं येतात का रात्री?
पोरं? या बेटावर सगळ्यात लहान मी आहे, ते म्हणाले. वय एकाहत्तर.
मग तिने वेळा वाचून दाखवल्या,
सर्व्हरच्या घड्याळातून चार तास वजा करून, बोटांवर:
पहिली रात्र, एक बारा.
दुसरी रात्र, एक सत्तावन्न.
तिसरी…
थांब, ते म्हणाले.
तिसरी पावणेतीनच्या जरा अलीकडे.

स्क्रीनवर होतं: दोन एक्केचाळीस.

(आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणकी करतात,
तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ.
रेमिहिओंना हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही.
हिशेब तोच, बोटं वेगळी.)

उधाणाचे दिवस गं, ते म्हणाले. त्यात उत्तरेचा वारा.
पाणी धक्क्यावर चढतं, काचेवर उडतं.
मी सकाळी बाहीने पुसतो. मीठ असतं.
तुमचं ते यंत्र बोट लावलं की चालतं ना?

यास्ना बराच वेळ काही बोलली नाही.
थेंब, मग थेंब, मग 'पुढे', मग 'पुढे',
भाषा निवडा, तारीख निवडा,
खारट, आंधळं, चिकाटीचं एक बोट
आठ महिने नियमाने तिकीट मागत होतं
आणि आपण त्याला सांगत होतो,
काहीतरी चुकलं, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

ते करत होतं.

मग दिलंत का तिकीट? फोनवर हसणं, खोकला, पुन्हा हसणं.

दुपारी तिने दोन ओळी लिहिल्या:
प्रवासी शून्य असतील तर भागू नको,
नीट सांग, प्रवासी निवडलेले नाहीत.
यंत्रावर टाकायला मेणकापड मागवलं.
एलियासरची टीप पुसायला गेली आणि राहू दिली,
खाली फक्त जोडलं: पोचतं. अमावास्या-पुनव बघ.

'निराकरण झालं' या चौकटीवर
तिचं बोट जरा रेंगाळलं.
फळ्यांखाली चिखल नव्हता आता.
होडी सरळ झाली होती.