नाव ठेवण्याआधी

पंखाची लांबी एकशे एकेचाळीस मिलिमीटर.
शेपटी बासष्ट. नडगीवर पिसं, बोटं उघडी.
इथवर सोपं होतं. आकडे हुज्जत घालत नाहीत.

रात्रीचे अकरा. दिवाळे गावातल्या आमच्या माडीवर
पंखा कुरकुरतोय आणि मी अडकले आहे
एका रकान्यात: छातीचा रंग.

तक्त्यात बावीस तपकिरी आहेत, क्रमांकासह.
हे घुबड त्यातल्या दोघांच्या मधे कुठेतरी.
पाठीमागे आई जवळा निवडतेय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
हात पदराला पुसून स्क्रीनवर वाकली.
“ह्यो त दोन उनं खाल्लेला जवला.
तीन नाय. तिसऱ्या उनाला लाली जाते.”

मी तक्ता पुन्हा उलगडला. लाली होती.
लिहिलं: फिकट तपकिरी, किंचित तांबूस छटा.
दोन उन्हं काही इंग्रजीत उतरली नाहीत.

आवाजाचं पान आधीच झालंय.
मार्चमध्ये पारसिकच्या टेकडीवर गेले होते, स्पीकर घेऊन.
आधी आपल्या शिंगळ्याला त्याच्याच जातीचा आवाज लावला.
दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं, जरा रागावलेलं.
मग बेटावरचा लावला.
हू.
मोजून साडेचार सेकंद.
हू.
करंजाच्या झाडात काही हललं नाही.
खाली बेलापूरचे दिवे, पलीकडे पुलावरचे ट्रक,
वीस मिनिटं.
‘प्रतिसाद नाही’ असं मी वहीत लिहिलं, तारीख घालून.
कोणी ओळख न दाखवणं हाही पुरावा असतो,
हे शिकवतात आम्हाला. त्या रात्री ते
गार वाऱ्यासारखं कानात शिरलं.

झाड टायटसनं दाखवलं होतं, त्या बेटावर,
टॉर्च न लावता, नुसत्या हनुवटीनं.
त्याच्या आजीच्या भाषेत या पाखराला नाव आहे.
अर्थ विचारला तर हसला: ‘पाय आत घ्या’.
खांबांवरची घरं, कडेला पाय सोडून बसलेली पोरं,
आणि आतून कोणीतरी, जंगलाचं ऐकून,
तेवढंच म्हणतं.
मी म्हटलं, हा शास्त्राला नवा आहे.
तो म्हणाला, मग शास्त्राला सांगा, पाय आत घ्या.

एक मारावा लागला.
मारावा लागला, असं मी सगळ्यांना सांगते.
मारला मीच.
वर्णनाला देह लागतो, डोळ्यांत कापूस,
पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
तारीख, उंची, लिंग, माझी आद्याक्षरं.
तळहातावर तो मावला होता, आणि गरम होता
मला वाटलं त्याहून बराच वेळ.

आई फोटोतल्या चिठ्ठीकडे बघत राहिली.
“वाशीच्या दवाखान्यात तुज्या मनगटाला
असाच दोरा व्हता. नाव नाय, नुस्ता नंबर.
बारा दिस तू नंबरच व्हतीस.”
मग विचारलं, याचं बारसं कधी?
म्हटलं, हेच. हे छापून आलं की झालं.
“आनि आत्या कोन?”

मी हसले नाही. नाव टंकून झालं होतं,
टायटसचं, शेवटी लॅटिनचं शेपूट लावून.
पक्ष्याचा कान पिसांखाली असतो,
डोळ्याच्या जरा मागे. मोजताना मी
फुंकर घालून तो शोधला होता.
तोंड इतकं जवळ होतं,
आणि काही बोलायचं सुचलं नव्हतं.

शेवटचा रकाना. आढळ: एकच बेट,
दक्षिण उतार, दोनशे मीटरच्या खाली.
खाडीला ओहोटी लागलीय, चिखलाचा वास वर येतोय.
आईनं सूप पाखडलं, मिशा आणि टरफलं उडाली
टेबलावर, कीबोर्डावर, त्या बावीस तपकिरींवर.
“आत्या नसली का आजी चालते,” म्हणाली,
आणि कोणाकडेही न बघता,
सुपात वाकूनच:
कुर्रर्र.