सतरा खडे

धंतोलीच्या दवाखान्यातून निघताना
डॉक्टरांनी एक बारकी बाटली हातात दिली.
सतरा खडे. हिरवट, तुरीच्या दाण्याएवढे.
मी ती भोजनालयात आणली,
दगडफूल आणि खसखशीच्या मधे ठेवली,
आणि पुष्पकांतला बजावलं :
मसाल्यात नको टाकू बे, चुकून.

बत्तीस वर्षं गोळीबार चौकात सावजी रस्सा रांधते मी.
जवसाच्या तेलात भाजलेला खडा मसाला,
तर्री अशी, की बोट बुडवलं तर नख चार दिवस लाल.
माणसं नाक पुसत जेवतात, घाम पुसत पैसे देतात.
कुणी म्हणालं, ‘वैनी, आज जमलं नाई’,
की माझं पित्त खवळायचं.

आता खवळायला जागा नाही.
डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं :
यकृत पित्त बनवतच राहणार,
फक्त साठवायची पिशवी गेली.
थेंबथेंब गळत राहतं ते,
काम असो नसो,
चौकातल्या नळासारखं.
मग राग कुठे साठवायचा, मी विचारलं.
ते पुढच्या पेशंटची फाइल उघडत होते.

पोटावरची चार भोकं भरली. बेंबीजवळचं अजून खाजतं.
बाहेरून मी बरी.
आतून,
चमचाभर तर्री पोटात गेली की अर्ध्या तासात
झारा टाकून पळायचं.
मागे, टाकीशेजारी, एकच संडास,
गिऱ्हाइकांचाही तोच.
आतून कडी असली
की मी भिंतीला टेकून आकडे मोजते.
एकदा सदतीसपर्यंत गेले.
त्यापुढचं सांगत नाही.

बर्डीवर साडी घ्यायला गेले
तरी आधी साडी नाही, दार शोधते.
नणंद म्हणते ताक, शेजारीण म्हणते इसबगोल,
मुलगा पुण्याहून फोनवर : आई, तेलकट सोड.
सोडलं.
हातांनी कुठे सोडलंय पण?
पहाटे चारला उठून तेच तेल तापवतात.

चव आता तळहातावर बघते.
एक थेंब, जिभेचं टोक, लगेच चूळ.
बाकीचं कानांवर.
तेल सुटायला आलं
की रस्सा जरा जाड आवाजात बोलू लागतो.

परवा दुपारी निनावे मास्तर आले.
वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मटण, वर जास्तीची तर्री.
बसले, फळ्याकडे पाहत राहिले,
मग उधारी मागावी तशा आवाजात :
‘वैनी, साधं वरण भेटन का?
फोडणी नका देऊ.’

त्यांचा हात उजव्या बरगडीखाली होता.

‘कधी काढली?’
‘मारबतीच्या दिवशी. खाली लोक ओरडत होते,
इडापीडा घेऊन जा म्हणून,
अन् मले टेबलावर झोपवून राहिले होते.’
‘खडे किती?’
‘एकच. पण बोराएवढा.’
मी वरच्या फळीवरची बाटली काढून दाखवली.
मास्तरांनी सतरा मोजले,
आणि मोठ्या घराण्यापुढे झुकवावी
तशी मान झुकवली.

माझ्या डब्यातलं वरण अर्धं अर्धं केलं.
शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं
हा हू करत पुन्हा तर्री मागत होती.
आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहत जेवलो,
गच्चीवरच्या पतंगांकडे बघावं, तसे.

हात धुऊन मास्तर परत आले.
खिशात पाकीट चाचपत, इकडे तिकडे बघत, म्हणाले,
‘एक सांगू का वैनी? वरण जमलं नाई.’

आणि माझं जे खवळलं,
ते कुठून खवळलं,
डॉक्टरांना विचारायला पाहिजे.