मसूर पेरायच्या आधी

भात कापलं की येळ्ळूरच्या शिवारात
आठ-दहा दिवसांची एक फट उरते.
ओल आहे तोवर मसूर टाकायचा असतो.
त्याआधी काय ऐकायचं ते ऐकून घे की, भावकाण्णा म्हणतो,
सोनं निघालं तर सरकारचं, खिळे निघाले तर तुझे.
आणि खड्डे बुजवून जा. गेल्या साली म्हस लचकली.

एकतीस वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत
मी कास्टिंग ठोकून ऐकली.
हातोडीचा एक टोला. खणखणीत आलं तर पास,
बद्द वाजलं तर लाल खडूची फुली.
आता कानावर हेडफोन, हातात दांडा,
दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती.
धसकटांवरून तिला झुलवत
मी परत तेच करतो.

लोखंड घोरतं. ते सोडायचं.
बैलाची पत्री, फाळाचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट,
सगळे एकाच घशातून घोरतात.
तांबं स्वच्छ बोलतं. उभं जा, आडवं जा,
आकडा हलत नाही.
त्याच्यासाठी गुडघे टेकावेत.

अडचण मधल्यांची.

मलसर्जच्या थोरल्या बहिणीची, नीलव्वाची अंगठी
रोप लावताना याच वाफ्यात बोटातून गेली.
जोडीची दुसरी तिच्या जावेकडे होती,
ती आणून आम्ही परसात वीतभर पुरली
आणि ऐकली: एकोणसाठ.
मग खात्रीसाठी शेजारी
अंगदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी पुरली.
एकोणसाठ.
चुरगळली तर एकसष्ट, पण अंगठी वाकली असली तर
तीही एकसष्ट.

"एल्ला अगी," मलसर्ज म्हणतो. सगळं खण.
त्याला काय, तो पंचेचाळीसचा.
मी हिशेब मांडतो: दिवस आठ, गुडघे दोन,
पैकी डावा फक्त सकाळी चालतो.
खोलवरचा एकोणसाठ आधी. वरचा नंतर.
लांबुळका आवाज नको, गोल हवा.
दोनदा जाऊन दोन्हीदा तेवढाच गोल आला, तरच खुरपं.

एक्केचाळीस खणले.
दोन क्वार्टरची बुचं.
एक चौकोनी पाच पैसे, साल पुसलेलं.
बाकी अडतीस गोळ्यांच्या चांद्या,
एका ओळीत, रोपाच्या ओळीत,
बाया जिथं जिथं कंबर धरून उभ्या राहिल्या असतील
तिथं तिथं.
त्या मी खिशात भरून घरी नेल्या. फेकल्या नाहीत अजून.

शेवटच्या दिवशी, ऊन कलल्यावर,
बांधावर.
इकडून गेलो तर लोखंड घोरलं.
बांध ओलांडून पलीकडून आलो
तर घोरण्याच्या पोटात, बारीक, गोल,
एकोणसाठ.
परत इकडून: लोखंड. परत तिकडून.
दरसाल वाफ्यातला चिखल काढून बांधाला लिंपतात,
हे मला आठवलं, आणि मी खुरपं काढलं.

भावकाण्णा बुट्टी घेऊन उभाच होता.
"त्याला न्हाई हात लावायचा.
पलीकडं माझा भाऊ हाय. इंचभर ढासळला
तर कोर्टात वकील मोजायला येईल."
त्यानं मूठ भरली
आणि माझ्या पायाशीच पहिला मसूर पडला.

वहीत लिहून ठेवलंय:
तिसऱ्या बाभळीपासून सात पावलं. एकोणसाठ?
आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलंय.

नीलव्वाला सांगितलं. तिनं विचारलं, खोल किती?
मी हातानं वीत दाखवली.
ती माझ्या पंजाकडं बघत राहिली.
"ऐती बिडु," म्हणाली. आहे की, राहू दे,
आणि चहाची रिकामी बशी
नखानं सहज एकदा टिचकली.

ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं.
बद्द.
कुठंतरी बारीक तडा असणार.