तीन मालोतीचं तिकीट

मोखोत्लोंगच्या टपाल कचेरीत
सोमवारच्या गाडीनं चाळीस ताव आले,
सोबत मासेरूचं परिपत्रक:
राष्ट्राची लाडकी धावपटू
केनेइलोए मोखेथी हिच्या स्मरणार्थ.
किंमत तीन मालोती.
शिक्का ठळक उमटावा.

मी चष्मा पुसला.
तिकिटावरची बाई समोरून हसत होती
आणि मला ती ओळखू येईना.

समोरून पाहिलंय कधी मी तिला?
शाळा सात किलोमीटर, मध्ये एक डोंगर,
मेंढरांनी पाडलेली वाट.
सहा वर्षं ती पुढे, मी मागे.
मला ठाऊक तिच्या टाचा:
उजवीला आडवी भेग, हिवाळ्यात लालबुंद,
त्यात मेंढीची चरबी चोपडलेली.
माझं नाव काटलेहो. आमच्या भाषेत, यश.
आई दारातून ओरडायची,
यशा, आजही मागेच का रे?

ती जिंकली त्या रात्री
दुकानदारानं रेडिओ खिडकीत ठेवला.
बर्फ पडत होतं, कुणी घरी गेलं नाही.
समालोचक म्हणाला,
तिच्यामागे आता कुणीसुद्धा दिसत नाही.
मी म्हणालो, नीट बघा.

राजवाड्यातून घोंगडी आली.
विमानतळाच्या रस्त्याला तिचं नाव लागलं,
त्यावर अजून शेळ्याच जास्त.
त्या हिवाळ्यात इथल्या दवाखान्यात जन्मल्या
त्या चौदाही मुली केनेइलोए.
मासेरूत पुतळा झाला, बूट घातलेला.
मूर्तिकारानं कुणाला विचारलं असतं
तर मी सांगितलं असतं भेगेचं.

मग बरीच वर्षं काहीच नाही.

दर पाच तारखेला ती माझ्या खिडकीशी यायची,
म्हातारपणाच्या भत्त्यासाठी.
रांग बाजूला सरायची: आजी, तुम्ही व्हा पुढे.
ती म्हणायची, पुढे राहून झालं,
आता जरा माणसांत उभी राहते.
तीन महिने यादीत तिचं नाव नव्हतं.
मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली,
बोट शाईनं काळं झालं.
‘खोत्सो,’ म्हणाली ती, शांती असो,
आणि काठी टेकत निघाली.
मी मान वर केली तोवर
पाठ फिरली होती.

अंत्ययात्रेला मंत्री आले, घोडेस्वार आले,
बैल कापला.
देशभर एक मिनिट सगळं थांबलं,
सेन्कूच्या पुलावर ट्रकसुद्धा.
एक मिनिट.
तेवढ्यात ती तीनशे मीटर गेली असती.

आता हे तिकीट.
छातीपाशी कापलंय तिला,
पाय मावले नाहीत.
मी शिक्का मारतो तो तिकिटाच्या खाली,
पाकिटाच्या कोऱ्या कागदावर,
जिथे पाय आले असते तिथे:
गोल, काळा, गाव आणि तारीख.
साहेब तपासणीला आले, भडकले.
असं तिकीट सोडवून पुन्हा चिकटवतील लोक!
मी म्हणालो, हो साहेब.
एकदा केप टाउनला जाईल,
एकदा आणखी कुठे.

काल त्या चौदांपैकी एक आली.
नवरा खाणीत, त्याला पत्र.
तिनं तिकीट जिभेला लावायला उचललं, उलटं,
आणि मी म्हणालो, थांब जरा.
पांढरी, डिंकाची, किंचित वाकलेली बाजू.
ना नाव, ना हसू.

काय झालं, मामा?
काही नाही, म्हटलं.
चिकटव.