यादी

कन्ना चौकामागे, बोल्लींच्या गच्चीवर
आमची कबुतरांची मंडळी जमते. सेक्रेटरी मी.
दाण्याचा हिशेब आणि भांडणं माझ्याकडे.

परवा एका चुकार मादीवरून
सत्तारने इरण्णाची आई काढली, इरण्णाने त्याची आजी.
ठराव झाला : शिवी दिली की दहा रुपये डब्यात.
"पण शिवी म्हणजे नेमकी कुठली?" गड्डमनं विचारलं,
मागावरची सवय, तेही ओरडूनच.

म्हणून वही काढली.
मराठीतल्या अकरा निघाल्या, कानडीतल्या सात,
तेलुगूतल्या एकीची वेलांटी पहिली की दुसरी
यावर चहा गार झाला.
तोवर डब्यात एकशेवीस रुपये,
कारण विचारताना, सांगताना,
दुरुस्त करतानाही शिवीच होत होती.

यादी जिन्यात चिकटवली.
खालची पोरं, जी धडा वाचत नाहीत,
ती बोट ठेवून वाचू लागली.

डब्यातून दोन पोती बाजरी आली.
फक्त नरसय्या यायचा थांबला.
पोलिओचा पाय ओढत तीन जिने चढायचा,
शिट्टी त्याचीच सगळ्यांत लांब जायची.
वीस वर्षं आम्ही त्याला ज्या नावानं हाक मारली,
लाडानंच,
ते यादीत नव्हतं. कुणाला सुचलंच नाही.
त्यानंही सुचवलं नाही;
शेवटपर्यंत वहीकडे बघत बसला होता.

काल भवानी पेठेत त्याच्या दारापर्यंत गेलो.
हाक मारायला तोंड उघडलं
तर तेच नाव ओठांवर.

कडी वाजवली.