बोळकं

आधी चिमटा. बोटं नकोत,
बोटांना कालचा रस्सा आठवत असतो.
हे मी म्हणतो; कोस्केला नुसता तळवा पुढे करतो.
डुलुथमध्ये जानेवारी. बंदर गोठलेलं,
खनिजाची जहाजं धक्क्याला खिळलेली,
आणि बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या या खोलीत
बर्फावरून उलटून आलेला उजेड.
इथे दर शनिवारी मी शिकतो
काहीच नसलेली कडा वाचायला.

दोन सेंटांचं तिकीट, किरमिजी.
काही ताव छापखान्यातून बिनभोकांचे गेले,
यंत्रवाल्यांनी आपापली भोकं पाडावीत म्हणून.
बाकी सगळे दातांसकट.
आणि दात काय, कोणीही कापतं.

म्हणून तो आधी दातवालं भावंड शोधतो,
त्याच्यावर हे गुळगुळीत ठेवतो
आणि पाहतो, कोण कोणाच्या बाहेर उरतं.
खऱ्यानं दातांच्या टोकांपलीकडे जायला हवं,
चारी अंगांनी.
‘कापून कागद वाढत नाही.’
गेल्या दोन वर्षांत
त्यानं पुन्हा सांगितलेलं हे एकच वाक्य.

तेही पुरत नाही.
भोकं पाडणारं यंत्र कधी चुकतं,
एखाद्याच्या वाट्याला पदर जास्त येतो,
लबाडाच्या कात्रीला नेमकं तेच सापडतं.
मग भिंग. मग जलचिन्ह.
मग चित्राची उंची, अर्ध्या मिलिमीटरवर अडून बसलेली.
जोडी असली तर प्रश्नच मिटला:
दोन तिकिटं शेजारी, मधली पट्टी कोरी, न फाटलेली.
ती जागा कापून तयार करता येत नाही.
एकट्या तिकिटाला मात्र
जन्मभर साक्षीदार लागतात.

इर्मा सँडविक जिना चढून आल्या,
एक्याऐंशी वर्षं, बिस्किटांचा डबा,
भाऊ ऑडव्हार ऑक्टोबरात गेलेला.
डब्यात त्याच्या अक्षरात चिठ्ठी:
‘इर्मासाठी. बिनदातांचं.
किंमत जाणकाराला विचार.’

कोस्केलानं विचारायचं ते कागदाला विचारलं.
डावीकडे केसभर कमी.
खालच्या कडेला, भिंगाखाली,
नखानं दाबल्यासारखी एक उथळ चंद्रकोर:
अर्ध्या भोकाची उरलेली पाव आठवण.
वरची बाजू तर सरळसुद्धा नाही,
कात्री दोनदा थांबलेली.
‘कापलंय,’ तो म्हणाला. ‘आणि वाईट कापलंय.’

बाईंनी भिंग मागून घेतलं.
बराच वेळ वाकून पाहिलं.
‘काजं करायची कात्री होती,’ म्हणाल्या, ‘आईची.
सहा वर्षांची होते. त्या हिवाळ्यात
माझे पुढचे दोन पडले होते,
आणि हा मला सगळ्या आळीत
बोळकी म्हणून हाक मारायचा.’
(शब्द अर्थात निराळा होता.
माझ्या कानात तो बोळकी होऊनच आला.)
‘म्हणून त्याचं सगळ्यात आवडतं तिकीट
मी बोळकं केलं.
आणि गप्प बसले. तोही कधी बोलला नाही.
मला वाटलं, कळलंच नाही त्याला.’

कोस्केलानं डब्यात पुन्हा चिमटा घातला.
तळाशी, पातळ कागदाच्या घडीत,
तेच दोन सेंट, तोच किरमिजी,
दात सगळे शाबूत,
आणि मागच्या गोंदावर शिसपेन्सिलीनं
एक बारीक रेघ, मापाला धरलेली.
त्यानं ते यांच्याखाली सरकवलं. तंतोतंत आत.

बाई हसल्या, तोंडावर हात धरून,
आता दात कवळीचे असले तरी.
खालच्या दुकानात हातोडी थांबली, पुन्हा सुरू झाली.

कोस्केलानं पावतीवर लिहिलं:
कापलेलं. बाजारात किंमत नाही.
त्यांनी दोन तिकिटं मावतील असा
एक पारदर्शक लिफाफा विकत मागितला.
पस्तीस सेंट.
त्यानं घेतले, मोजून.

माझ्या खिशात एक होतं,
इव्हलेथच्या एका लिलावातलं, एकटं, चारी बाजू स्वच्छ,
आठवडाभर मी त्याच्यावर खूश होतो.
जिन्यात त्यांना हात दिला,
रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं तिथपर्यंत सोडलं.
परत वर गेलो नाही.