रिकामा असताना

रामदेव गल्लीत, जिना चढून वर, बसलिंगचं दुकान.
त्यानं दोन मदरबोर्ड काचेवर मांडले
साडीची घडी उलगडावी तसे.
एकावर दिवे. निळे, जांभळे, मध्येच उगाच लाल.
"ह्योच घे की पद्माक्का, पोरं सगळी ह्योच नेत्यात."
दुसरा वीतभर, हिरवट,
कुणी बघायला आलं तर आत जाऊन बसेल असा.

मी पिशवीतून वॅटमीटर काढला.
बसलिंगनं चहा सांगितला. वेळ लागणार हे त्याला कळलं.

"दोन्हींवर प्रोसेसर तोच बसव, मेमरी तीच.
चालू कर. आणि काही सांगू नकोस त्यांना.
नुसतं बसू दे."
"बसू दे म्हंजे?"
"काम करताना सगळेच खातात रे.
मला बघायचंय
काही करत नसताना कोण किती खातो."

हे मी कुठल्या कोर्सात शिकले नाही.
वडगावात आमचे चार माग होते.
धागा तुटला की माग थांबतो,
मोटार थांबत नाही.
आप्पा गाठ मारायच्या आधी खटका पाडायचे,
शेजारचे हसायचे, एवढ्याशा गाठीला!
मी पायरीवर बसून मीटरची चकती बघायची.
तिच्यावरची काळी खूण
यायची, जायची, यायची,
मग आळसावल्यासारखी व्हायची,
आणि आप्पा ओठात दोरा धरून
माझ्याकडे बघायचे: थांबली?

आता मी बुट्ट्या काढते, पडद्यावर.
मोर, कुयरी, गोमची वेल.
दिवसाचे तीन तास काम,
उरलेले एकवीस तास मशीन जागं,
कारण रात्रपाळीचे माग तारेतून
त्याच्याकडेच नक्षी मागतात,
आणि दोन वाजता महादेवचा फोन येतो,
"अक्का, मोर उलटा येतोय बघ की."

दिव्यांचा बोर्ड: एकतीस वॅट.
हिरवा: एकोणीस.
बसलिंगनं मीटरला टिचकी मारून पाहिली.
मी विजेच्या बिलामागे हिशोब केला.
बाराचा फरक, चोवीस तास, तीस दिवस,
साडेआठ युनिटांच्या वर.
बिलावरचं कानडी मला वाचता येतं,
पोटात मात्र मराठीतच गोळा येतो.

"जास्तीचे बारा वॅट करतात काय?"
बसलिंग डोकं खाजवत म्हणाला,
"दिवे... आनि आत चिपा हायत, कामाला लागल्या तर लागल्या."
आमच्या गल्लीत असे तिघे-चौघे आहेत.
नावं सांगत नाही.

हिरवा घेतला. चारशे रुपये महाग पडला.
दिवे नसल्याचे पैसे लागतात, हे नवीनच.

घरी माग दोनच उरलेत, तेही झाकून.
आप्पा तिथंच खुर्ची टाकून बसतात.
विचारलं, "किती खातो?"
"एकोणीस."
"बसून?"
"बसून."
मान हलवली. बाकी बोलले नाहीत.

रात्री करंट गेला. बॅटरीवर घर तगलं.
अंधारात चपलांचा आवाज आला, आप्पांचा.
पूर्वी मोटारीला लावायचे तसा
त्यांनी डब्याला हात लावला, उलटा, बोटांच्या पाठीनं.
बराच वेळ तसाच ठेवला.
मग ओसरीवरचा बारका दिवा, बॅटरीवर चाललेला,
जाता जाता बंद केला.